शब्द येतो, असे केव्हा म्हणावे?
भाषेचे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भाषेचे अभ्यासक्रम आखणारे, पाठ्यपुस्तके तयार करणारे, प्रश्नपत्रिका काढणारे आणि भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळणारे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

दुसरी भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाला आणि ती शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वेगवेगळे बसवून, ‘एखादा शब्द येतो असे तुम्ही केव्हा म्हणता?’ असे विचारले, तर पुष्कळदा दोघांकडून एकच उत्तर मिळते: अर्थ सांगता आला की शब्द आला. इतर बाबतींत या दोघांची मते जुळत नाहीत. शब्द पाठ करावेत की वाचता वाचता यावेत, शब्दकोश जवळ ठेवावा की दूर ठेवावा, मातृभाषेतून अर्थ सांगावा की सांगू नये, यांवर वर्गात उघड वा मूक वाद चालूच असतो. पण मूळ कल्पनेवर मात्र एकमत असते, आणि ती कल्पना अपुरी आहे. मी भाषा शिकवते, शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतही काम करते, आणि हे पत्र आपल्याला लिहिते आहे, कारण ही कल्पना शिक्षकाच्या वा विद्यार्थ्याच्या आळसातून आलेली नाही असे माझे ठाम मत आहे. धड्याखालच्या शब्दार्थांच्या यादीतून आणि प्रश्नपत्रिकेतील ठरावीक प्रश्नांतून ती वर्षानुवर्षे घडत आली आहे, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

विद्यार्थी काय मानतो याला महत्त्व का द्यावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. भाषा शिकणाऱ्यांच्या समजुतींचा पद्धतशीर अभ्यास इलेन हॉर्विट्झ यांनी १९८० च्या दशकात सुरू केला आणि त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. शब्द शिकणे हाच परकी भाषा शिकण्याचा मुख्य भाग आहे, अशा आशयाच्या विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे त्या प्रश्नावलीत शिकणाऱ्यांना सांगायचे असते. त्यानंतर ही प्रश्नावली अनेक देशांत वापरली गेली. तिच्यामागचा विचार सरळ आहे. विद्यार्थी आपला वेळ आणि कष्ट कुठे खर्च करतो, वर्गातल्या कोणत्या कृतीला ‘खरा अभ्यास’ म्हणतो आणि कोणत्या कृतीकडे वेळकाढूपणा म्हणून पाहतो, हे त्याच्या समजुतीवर ठरते. शिक्षकाचेही तसेच असते. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले होते की शिक्षक होण्याआधीची विद्यार्थिदशेतील अनेक वर्षे ही एक प्रकारची शिकाऊ उमेदवारीच असते. समोरच्या शिक्षकाकडे पाहत पाहत शिकवणे म्हणजे काय याच्या कल्पना मनात पक्क्या होतात आणि पुढचे थोड्या मुदतीचे प्रशिक्षण त्यांना फारसा धक्का लावू शकत नाही. ज्याला शब्द अर्थांच्या यादीतून शिकवले गेले, तो पुढे यादीच शिकवतो. प्रशिक्षणाच्या परीक्षेत त्याने काहीही लिहिलेले असो.

आता शब्द येणे म्हणजे काय, याकडे वळते. मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी १९४२ मध्येच हे ज्ञान अनेक पदरी असल्याचे मांडले होते: व्याख्या सांगता येणे वेगळे, नेमक्या प्रसंगी तो शब्द लावता येणे वेगळे, त्याचे अनेक अर्थ ठाऊक असणे वेगळे, चुकीचा वापर ओळखता येणे वेगळे, आणि बोलताना तो वेळेवर सुचणे आणखी वेगळे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी पुढे याचीच अधिक तपशीलवार मांडणी केली. शब्दाचे रूप, त्याचा अर्थ आणि त्याचा वापर अशा तीन बाजू. रूपात उच्चार, लेखन आणि शब्दाची घडण. अर्थात संकल्पना आणि त्या शब्दाशी जोडलेले इतर शब्द. वापरात व्याकरणातील जागा, सोबतीने येणारे शब्द आणि तो कुठे, कोणासमोर वापरावा याची जाण. शिवाय या प्रत्येक बाबतीत ऐकता-वाचताना ओळखणे आणि बोलता-लिहिताना स्वतः वापरणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्थ सांगता येणे हा या सगळ्यातला एक घटक आहे. तो पहिला आणि अत्यावश्यक घटक आहे, हे मी आनंदाने मान्य करते. पण आपल्या पुस्तकांत आणि परीक्षांत तोच पहिला आणि तोच शेवटचा ठरतो.

उदाहरण आपल्याच भाषेतले घेऊ, म्हणजे अडचण कुठे येते ते स्पष्ट दिसेल. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परभाषिकाने ‘लागणे’ या क्रियापदाचा ‘स्पर्श होणे’ असा अर्थ वहीत लिहून घेतला, तर त्याला भूक लागणे, वेळ लागणे, आग लागणे, नोकरी लागणे, निकाल लागणे, शब्द मनाला लागणे आणि रडू लागणे यांपैकी काय कळेल? आणि कळले तरी, ‘मला भूक लागली’ असे न म्हणता तो ‘मी भूक लागलो’ असे म्हणेल, कारण हे क्रियापद वाक्यात कोणाला कर्ता करते हे वहीतल्या अर्थात कुठेच लिहिलेले नाही. शब्दार्थाच्या परीक्षेत मात्र या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतील. तो स्वतः, त्याचा शिक्षक आणि त्याचे पालक या सर्वांची खात्री पटेल की हा शब्द त्याला येतो. पुढे तोच शब्द बोलताना अडला की दोष स्मरणशक्तीला दिला जाईल किंवा ‘भाषेचा कल नाही’ असा शेरा मारला जाईल. हा शेरा मला सर्वांत जास्त खटकतो. ज्या गोष्टी कोणी शिकवल्याच नाहीत, त्या येत नाहीत म्हणून मूल स्वतःला मंद समजू लागते.

दुसरा प्रश्न संख्येचा आहे, आणि इथे दोन्ही बाजूंच्या समजुती टोकाच्या असतात. काही विद्यार्थ्यांना वाटते की पुस्तकाच्या शेवटची यादी पाठ झाली म्हणजे भाषा झाली. काही शिक्षकांना वाटते की भाषेतले शब्द अगणित आहेत, तेव्हा निवड कशाला करायची, येतील ते घ्यावेत. इंग्रजीबाबत झालेले काम या दोन्ही टोकांना उत्तर देते. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. सर्वसाधारण लेखी मजकुरातील शब्दांपैकी साधारण ८० टक्के जागा अशा मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांनी व्यापलेल्या असतात. म्हणजे सुरुवातीचे शब्द नीट निवडले तर त्यांचे मोल फार मोठे आहे. पण ८० टक्के म्हणजे दर पाच शब्दांमागे एक अनोळखी, आणि अशा मजकुराचा अर्थ लागत नाही. कोणाच्या मदतीविना समाधानाने वाचायचे तर सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. नेशन यांनी २००६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार इंग्रजी लेखी मजकुरासाठी ही पातळी गाठायला ८००० ते ९००० शब्दकुटुंबे लागतात आणि बोलण्यातील मजकुरासाठी ६००० ते ७०००. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द, त्याची व्याकरणाने बदलणारी रूपे आणि त्याच्यापासून बनलेले शब्द मिळून एक. प्रत्ययांनी आणि सामान्यरूपांनी नटलेल्या भाषांमध्ये ही मोजणी वेगळी करावी लागेल, इंग्रजीचे आकडे तसेच उचलून चालणार नाहीत. पण काही शब्द सतत भेटतात आणि असंख्य शब्द क्वचितच भेटतात, ही गोष्ट भाषेभाषेत दिसते.

यादीतल्या शब्दांकडे आपली पुस्तके मात्र समान नजरेने पाहतात. कवितेत एकदाच आलेला, पुन्हा कुठेही न भेटणारा जुना शब्द आणि रोजच्या वाचनात दर पानावर लागणारा शब्द हे दोघे धड्याखाली शेजारी शेजारी, सारख्याच टंकात बसतात. परीक्षेतही दोघांना सारखाच गुण असतो. उलट, दुर्मीळ शब्द ‘अवघड’ म्हणून प्रश्नपत्रिकेत अधिक मानाने येतो. विद्यार्थ्याने यातून काय समजावे? ज्या शब्दाचा अर्थ लवकर लक्षात राहत नाही तोच महत्त्वाचा, असे तो समजतो, आणि त्याच्या परीने ते अगदी तर्कशुद्ध आहे.

आता स्मरणाविषयी. या विषयात लोक जे मानतात आणि जे खरोखर घडते, त्यातले अंतर नीट मोजले गेले आहे, म्हणून मी इथे थोडी अधिक रेंगाळते. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगटांवर स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. अंतर ठेवून केलेली उजळणी सलग घोकण्यापेक्षा जास्त टिकते, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. हॅरी बॅरिक यांनी आपल्या कुटुंबातील तिघांना सोबत घेऊन परकी शब्दांवर अनेक वर्षे चालवलेला एक प्रयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला: ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या, १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांइतक्याच उपयोगी ठरल्या. निम्म्या कष्टांत तेवढेच फळ मिळाले, पण एक अट होती: लांब अंतर ठेवले की शिकतानाचा काळ जास्त जड जातो, मध्येच विसरल्यासारखे होते. आणि हे विसरल्यासारखे होणेच विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला घाबरवते.

नेट कॉर्नेल यांच्या २००९ मधील अभ्यासात शब्दकार्डांवरून शिकणाऱ्यांपैकी ९० टक्के जणांना अंतर ठेवलेल्या उजळणीचा अधिक फायदा झाला. तरीही पहिल्या सत्रानंतर विचारले तेव्हा ७२ टक्के जणांना सलग घोकणेच अधिक परिणामकारक वाटले होते. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आपण प्रत्येक प्रशिक्षणवर्गात सांगावा असा आहे. विद्यार्थ्यांना स्वाहिली आणि इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकायच्या होत्या. एकदा आठवलेला शब्द काहींच्या बाबतीत पुढेही पुन्हा पुन्हा विचारला गेला. इतरांच्या बाबतीत तो विचारणे बंद केले, काहींना फक्त पुन्हा वाचायला दिला. आठवड्याने पाहिले तर पहिल्या प्रकारच्या गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्या प्रकारच्या गटांना एकतृतीयांशाच्या आसपास. आपल्याला किती आठवतील, याचा अंदाज मात्र सर्वच गटांनी साधारण निम्मा असा सारखाच केला होता. म्हणजे आपली कोणती पद्धत कामाची आहे, हे शिकणाऱ्याला आतून जाणवत नाही. पान पुन्हा पुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटला की तो आला असे वाटते.

ज्याला स्वतःच्या शिकण्याचा अंदाज असा चुकवतो, त्याला बाहेरून आधार हवा. तो आधार पाठ्यपुस्तकाने आणि मूल्यमापनाने द्यायचा असतो. प्रत्यक्षात काय होते? तिसऱ्या धड्यातला शब्द तिसऱ्या धड्यावरच्या चाचणीत येतो आणि संपतो. पुढच्या धड्याला वेगळा विषय, वेगळे शब्द. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे शब्द एकदम घोकले जातात, सकाळी उत्तरपत्रिकेवर उतरवले जातात, आणि विद्यार्थ्याची समजूत आणखी घट्ट होते, कारण गुण मिळतात.

शिक्षकांच्या काही समजुतींबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. त्या चांगल्या हेतूने धरलेल्या आहेत म्हणून त्यांना सूट मिळू नये. ‘वाचत राहा, शब्द आपोआप येतील’ हा सल्ला मीही देते आणि विस्तृत वाचनाला पर्याय नाही असेच मानते. पण एखादा शब्द वाचनातून रुजायला तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि नवशिक्याच्या हाती जे थोडे वाचन असते त्यात बहुतेक नवे शब्द एकदाच भेटून जातात. ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ हेही तसेच. संदर्भ म्हणजे आजूबाजूचे शब्द. तेच अनोळखी असतील तर ओळखायचे कशावरून? हे कौशल्य जरूर शिकवावे, पण ज्या मजकुरात बहुतेक शब्द परिचयाचे आहेत त्या मजकुरावर. दर ओळीत दोन शब्दांना अडखळणाऱ्या मुलाला ‘संदर्भ पाहा’ असे सांगणे म्हणजे त्याला एकटे सोडणे होय. मातृभाषेतून अर्थ सांगितल्याने भाषा बिघडते ही धास्तीही अनाठायी आहे. सुरुवातीला अर्थ पटकन आणि अचूक पोहोचवण्याचा तो उत्तम मार्ग आहे, फक्त तिथे थांबता कामा नये. आणि रंग, फळे, अवयव यांचे पूर्ण संच एकाच दिवशी शिकवण्याची आपल्या पुस्तकांची आवडती पद्धत सोयीची दिसत असली, तरी एकाच जातीचे नवे शब्द एकत्र दिले की ते एकमेकांत मिसळतात, असे १९९० च्या दशकापासून प्रयोगांत दिसले आहे.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या समजुती एकमेकींशी बोलतच नाहीत, ही यापेक्षा खोल अडचण आहे. शिक्षक नवे काही करू पाहतो, उदाहरणार्थ एकच शब्द तीन वेगवेगळ्या वाक्यांत आणून कोणते वाक्य खटकते ते शोधायला लावतो, आणि विद्यार्थी मनात म्हणतो की हे झाले, आता अर्थ सांगा म्हणजे लिहून घेतो. विद्यार्थी घरी यादी करून पाठ करतो, आणि शिक्षक त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवतो, वास्तविक यादी पाठ करणे ही सुरुवात म्हणून मुळीच वाईट नाही. शिकणाऱ्याने कष्टाने जमवलेल्या सवयीला नावे ठेवण्यापेक्षा तिच्यात एकच बदल सुचवणे अधिक परिणामकारक ठरते: यादी वाचू नकोस, अर्थ झाकून आठव, आणि उद्या नको, चार दिवसांनी आठव. असा संवाद व्हायला वर्गात वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या वेळापत्रकात कुठेही नाही.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. सर्वांत आधी प्रश्नपत्रिका, कारण बाकी सगळे तिच्यामागून चालते. ‘शब्दांचे अर्थ लिहा’ हा प्रश्न काढून टाका असे मी म्हणत नाही. त्याच्या जोडीला त्याच शब्दांपैकी काही शब्द दुसऱ्या बाजूने विचारा: दिलेल्या चार वाक्यांपैकी कोणत्या वाक्यात हा शब्द चुकीचा वापरला आहे, या नामासोबत कोणते क्रियापद येते, हा शब्द मित्राशी बोलताना चालेल की अर्जात, ऐकलेल्या वाक्यात हा शब्द आला होता का. ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न आपण आधीपासून विचारत आलो आहोत, पण ‘मला हा शब्द आवडतो’ या साच्यातले, कोणत्याही शब्दाला लागू पडेल असे वाक्य लिहूनही त्यात गुण मिळतात; वाक्यातून शब्दाचा अर्थ आणि वापर उघड व्हायला हवा एवढी एक सूचना तपासनिसांना दिली तरी त्या प्रश्नात जीव येईल. आणि प्रत्येक चाचणीत मागच्या धड्यांतले, मागच्या सत्रातले, शक्य तर मागच्या वर्षीचे शब्द काही प्रमाणात आलेच पाहिजेत, हे नियम म्हणून ठरवा. उजळणीची सवय उपदेशाने लागत नाही, पुढच्या चाचणीत शब्द पुन्हा भेटणार आहे हे माहीत असले की लागते.

मोठ्या वर्गांत असे मूल्यमापन तपासायला वेळ लागतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण वर सुचवलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरे एका खुणेत देता येतात. वेळ जाईल तो प्रश्न काढणाऱ्याचा. तो वेळ आपण द्यावा, अशी विनंती आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकावर आधीच पुरेसा भार आहे.

पाठ्यपुस्तकांबाबत मागणी अशी की शब्दांच्या निवडीचा आधार लिहून ठेवावा. कोणते शब्द वापरता यावेत म्हणून शिकवायचे, कोणते केवळ ओळखता आले तरी पुरे, आणि कोणते त्या धड्यापुरते तिथेच अर्थ देऊन सोडून द्यायचे, अशी खूण पुस्तकातच असावी. पहिल्या गटातला शब्द पुढच्या धड्यांत निदान काही वेळा, वेगळ्या संदर्भात पुन्हा यावा, आणि तो येतो की नाही हे छपाईपूर्वी संगणकावर मोजून पाहावे. आज हे काम अवघड राहिलेले नाही. ज्या भाषांसाठी वारंवार येणाऱ्या शब्दांच्या विश्वासार्ह याद्या अजून नाहीत, तिथे त्या तयार करण्याचे काम हाती घ्यावे. शिकणाऱ्यांसाठी, त्यांच्या पातळीला झेपणाऱ्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तके हवीत, आणि ती पुरवणी म्हणून नव्हे, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हवीत.

प्रशिक्षणाबाबत माझी अपेक्षा थोडी वेगळी आहे. शिक्षकांना शब्दज्ञानाच्या पायऱ्या फळ्यावर लिहून दाखवणे पुरेसे नाही. ते सगळे लिहून घेतील, आणि वर्गात परत यादीकडे वळतील. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्यांना त्यांच्या स्वतःच्या समजुती लिहून काढू द्या, मग एखादी संपूर्ण अनोळखी भाषा थोडी शिकू द्या, निम्मे शब्द सलग घोकून आणि निम्मे अंतर ठेवून, आठवून. आधी अंदाज लिहायला सांगा, आठवड्याने मोजा. स्वतःचा अंदाज स्वतःच्याच गुणांशी ताडून पाहिला की जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही. हाच प्रयोग शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांबरोबर करावा, म्हणून त्यासाठी वर्षाच्या आरंभी काही तासिका राखून ठेवा आणि त्या ‘अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या’ हिशेबातून वगळा.

पुढच्या आवृत्तीचे आणि पुढच्या प्रश्नपत्रिकेच्या आराखड्याचे काम सुरू होण्याआधी, शब्दज्ञानासंबंधी आपले मंडळ स्वतः काय मानते हे एका लेखी टिपणात स्पष्ट करावे आणि ते शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी खुले करावे. त्या टिपणावर वर्गात शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या सूचना मागवाव्यात आणि त्यांतल्या कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या का नाकारल्या, हेही कळवावे. त्या कामात जी मदत लागेल ती करायला मी आणि माझ्यासारखे अनेक शिक्षक तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक भाषाशिक्षिका